पराग की फायटोलिथ: उसाची साक्ष कोण देणार?

उसाच्या फडात उघड्या हातांनी शिरलं की पाल्याच्या कडेनं ओरखडे उठतात. तो प्रताप पानातल्या सिलिकाचा. मुळांनी पाण्याबरोबर ओढून घेतलेला सिलिका पेशींत घट्ट होतो आणि पाला कुजला, अगदी जळला तरी त्याचे सूक्ष्म खडे मातीत उरतात. हेच फायटोलिथ. परागकण मात्र फुलातला. त्याचं कवच सेंद्रिय, पण भलतंच चिवट. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात आणि दोन्हींवरून जुन्या लोकांची शेती नि भोवतालचं रान ओळखता येतं, त्यामुळं वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

प्रयोगशाळेत हा घोळ परवडत नाही. पराग वेगळे काढताना वाळूचा अंश घालवायला बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात; ते सिलिका विरघळवतं, म्हणजे फायटोलिथही गेले. फायटोलिथसाठी सेंद्रिय भाग जाळतात किंवा रसायनांनी नष्ट करतात, त्यात पराग संपले. म्हणून मातीचा नमुना आधीच वाटून घ्यायचा.

माती कुठली, यावरही बरंच ठरतं. पराग टिकतो तो सतत ओल्या, हवा न लागणाऱ्या गाळात. तळ्याचा गाळ त्याला मानवतो, म्हणजे कोल्हापूरच्या रंकाळा तलावासारख्या जागी शोध घेता येईल. मात्र गाळ उपसलेला असेल तर थरांचा काळ लावणं अवघड. शिवाय बरेचसे पराग वाऱ्यावर लांबून येतात, म्हणून ते सगळ्या परिसराचं चित्र देतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाची गोष्ट निराळी. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथं खोदून सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आणली. अशा उन्हापावसात आलटून पालटून वाळणाऱ्या-भिजणाऱ्या मातीत पराग सहसा झिजून जातात. घराच्या जमिनीवर काय पडलं, चुलीत काय जळलं, हे तिथं फायटोलिथलाच विचारावं लागेल.

आता ऊस. तुरा यायच्या आत तोड झाली तर पराग येणार कुठून? आला तरी बहुतेक गवतांचे पराग दिसायला गोल, एका छिद्राचे. ऊस, भात, कुरणातलं गवत यांत फरक करणं कठीण. फायटोलिथ इथं सरस, पण माझ्या मते त्याचंही जरा जास्तच कौतुक होतं. भाताच्या तुसावरचे दोन टोकांचे फायटोलिथ ओळखीचे असतात, त्यावरून भात बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतो. उसाच्या पानातला डंबेलसारखा आकार मात्र जोंधळ्यातही असतो नि कितीतरी रानगवतांतही. एक डंबेल दिसला म्हणून ‘प्राचीन कोल्हापुरात ऊस’ असा मथळा देता येत नाही.

फायटोलिथ पडल्या जागीच राहतो, हेही अर्धंच खरं. २०१९ सारखा महापूर आला की वरच्या गावांच्या रानातला गाळ इथं येऊन बसतो. आणि शेणानं सारवलेल्या जमिनीत सापडलेली तुसं माणसानं कांडलेल्या भाताची की जनावरानं खाल्लेल्या वैरणीची? घरातली, गोठ्यातली आणि वस्तीबाहेरची माती शेजारी-शेजारी तपासल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही.