निरीक्षण-तक्त्याचे रकाने कुठून आले

पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्याला बऱ्याच वॉर्डांत आजही टीपीआर चार्टच म्हणतात. त्यात ताप, नाडी आणि श्वास यांच्यापलीकडे रक्तदाब, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), शुद्धी असे बरेच काही भरलेले असते. हे सगळे रकाने एका बैठकीत ठरलेले नाहीत. यांतले बरेचसे कुणाला तरी काहीतरी उशिरा कळले म्हणून वाढले. भरणारा हात बहुतेक वेळा परिचारिकेचाच राहिला. तो आकडा पाहून तिने स्वतः काय करायचे, हे मात्र बदलत गेले.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगता येतो. जॉन फ्लॉयरने 1707 मध्ये नाडी मोजण्यासाठी मिनिटाचे घड्याळ वापरात आणले. लाइपझिगच्या वुंडरलिशने 1868 मध्ये तापाचे आलेख मांडून दाखवले. रक्तदाब मोजण्यासाठी रिवा-रोच्चीची दंडाला बांधायची पट्टी 1896 ची आणि स्टेथोस्कोपने ऐकायचे कोरोत्कॉफचे आवाज 1905 चे. त्यानंतर कित्येक दशके तक्ता फारसा हलला नाही.

तो हलला कोपनहेगनमध्ये. 1952 च्या पोलिओ साथीत ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा एकूण आकडा वाढलेला दिसत होता आणि डॉक्टर त्याचा अर्थ अल्कलोसिस, म्हणजे रक्त जास्त अल्कधर्मी होणे, असा लावत होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी सांगितले की हा साचलेला वायू आहे, रुग्णाचा श्वासच पुरत नाही. ट्रॅकिओस्टॉमी करून, म्हणजे गळ्यातून श्वासनलिकेला छेद देऊन, फुगवता येणारी पट्टी असलेली नळी बसवली आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 87 टक्क्यांवरून 25 च्या आसपास आले. अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुधा इथूनच धरतात. परिचर्येच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे: ऑक्सिजन मिळणारा रुग्ण गुलाबी दिसतो आणि तरीही आतून गुदमरत असतो. घाम, चढता रक्तदाब, वाढती गुंगी ही त्याची चिन्हे. एसपीओटू 98 पाहून निर्धास्त झालेल्या वॉर्डात आजही हीच चूक होते.

एसपीओटूचे यंत्र नंतरचे. जपानमध्ये ताकुओ आओयागी रंगद्रव्य वापरून हृदयाचे रक्त-उत्सर्जन मोजत होते, तेव्हा नाडीच्या ठोक्यामुळे आलेख सतत हलत होता. तो अडथळाच त्यांनी मोजमापासाठी वापरला आणि 1974 मध्ये पद्धत मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश जातात व फक्त ठोक्याबरोबर बदलणारा भाग मोजला जातो. म्हणून हात गार असेल, बोट हलत असेल किंवा नखाला गडद पॉलिश असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो फसवा चांगला येतो. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत हे यंत्र महाराष्ट्रात घरोघरी पोचले. त्यामुळे लोकांना आकडा कळला, पण श्वास मोजण्याची सवय मात्र मागे पडली.

ती सवय वॉर्डातही कच्चीच आहे. 15 सेकंद मोजून चारने गुणले की उत्तर 20 किंवा 24 येते, मधले 21, 22, 23 कधीच येत नाहीत. धोका जितका जास्त तितके गुण जास्त, अशा आजच्या गुणपद्धतीत (तिच्याविषयी पुढे) 20 ला शून्य गुण आणि 24 ला 2. एक श्वास इकडेतिकडे झाला तरी गुण बदलतात. म्हणून पूर्ण 60 सेकंद मोजायचे, आणि रुग्णाला न सांगता, नाडी धरल्याचे निमित्त ठेवून. मोजतोय हे कळले की माणूस श्वास बदलतो.

हृदयाची कथा अधिकाराची आहे. थांबलेल्या हृदयावर छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत 1960 मध्ये छापून आली. पुढच्याच वर्षी एडिनबराच्या डेसमंड ज्युलियन यांनी हृदयविकाराचे रुग्ण एकाच कक्षात, मॉनिटरवर ठेवावेत असे सुचवले. अडचण एवढीच होती की मेंदूच्या हाती चारेक मिनिटे असतात आणि डॉक्टर त्यात पोचत नाही. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी रोझ पिनिओ या परिचारिकेसोबत साठच्या दशकात परिचारिकांनाच ईसीजी वाचायला आणि शॉक द्यायला शिकवले. तोवर ‘डॉक्टरांना कळवा’ हीच शेवटची पायरी होती. मॉनिटरची एक खोड तेव्हापासूनची आहे: लीड (अंगाला चिकटवलेली तार) सुटली की सरळ रेघ, रुग्ण थरथरला की व्हीटीसारखी, म्हणजे हृदयाच्या धोकादायक वेगवान ठोक्यांसारखी रेघ. आधी रुग्ण आणि मानेची नाडी, मग पडदा.

मेंदूचा रकानाही उशिराच सुधारला. 1974 पर्यंत स्टुपर, सेमी-कोमा, गुंगी असे शब्द लिहिले जात आणि प्रत्येक जागी त्यांचा अर्थ वेगळा. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन स्वतंत्र नोंदी मांडल्या: डोळे, बोलणे, हालचाल. डॉक्टर असो की रात्रपाळीची सिस्टर, दोघांनी तेच लिहावे हा हेतू. हालचालीत आधी पाच पायऱ्या होत्या. नंतर हात आखडण्याचे साधे आणि विकृत असे दोन प्रकार केले आणि बेरीज 3 ते 15 झाली. खरे तर मूळ रचनेत बेरीज नव्हतीच. ती पुढे संशोधनाच्या सोयीसाठी आली आणि मग वॉर्डांना चिकटली. ‘जीसीएस 8’ (जीसीएस म्हणजे हीच ग्लासगो कोमा स्केल) म्हणणे म्हणजे अर्धीच माहिती. ई म्हणजे डोळे, व्ही बोलणे, एम हालचाल: ई-1, व्ही-2, एम-5 हाही 8 आणि ई-3, व्ही-2, एम-3 हाही 8, पण दुसऱ्याची चिंता फार जास्त.

तपासतानाच्या चुकाही ठरलेल्या. ‘हात दाबा’ म्हटल्यावर मूठ मिटली तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. ‘सोडा’ म्हटल्यावर सोडली पाहिजे, तरच आज्ञापालनाचे 6. दाब आधी बोटाच्या टोकावर द्यायचा, मग खांद्याच्या स्नायूवर किंवा भुवईच्या खाचेत, आणि हळूहळू वाढवत 10 सेकंदांपर्यंत. छातीच्या हाडावर मुठी घासणे सोडून द्यावे, त्वचा काळीनिळी पडते. हात हंसळीच्या वर आला तरच रुग्णाने दाबाची जागा शोधली असे धरायचे. दोन हातांपैकी चांगल्या हाताचा गुण घ्यायचा. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला बोलण्याचा 1 देऊ नये. 2014 च्या सुधारणेपासून तिथे तपासता येत नाही अशी खूण करतात, आणि ‘वेदना’ऐवजी ‘दाब’ हा शब्दही तेव्हाच आला. आपल्याकडची एक अडचण पाश्चात्त्य तक्त्यात सापडत नाही: महिना विचारल्यावर आजी ‘भाद्रपद’ म्हणाल्या आणि तो खरोखरच भाद्रपद असेल, तर त्या गोंधळलेल्या नाहीत. रुग्ण अहिराणी बोलतो आणि सिस्टर केरळच्या, तर बोलण्याचा गुण नातेवाइकाला मध्ये घेऊनच द्यावा.

हे सगळे रकाने एका बेरजेत बसवण्याचा पहिला प्रयत्न 1997 मध्ये इंग्लंडमधल्या जेम्स पॅजेट रुग्णालयातून आला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ (बिघाडाची लवकर सूचना देणारी गुणपद्धत) आणि 2017 च्या डिसेंबरात ‘न्यूज-2’ काढले. 5 किंवा जास्त गुण म्हणजे तातडीने डॉक्टर, 7 पासून आणीबाणीची टीम, आणि एकाच रकान्यात 3 आले तरी वॉर्डच्या डॉक्टरने पाहायचे. नव्याने आलेल्या गोंधळाला आता 3 गुण आहेत, कारण बोलता-बोलता घसरणारा रुग्ण आधी ‘जागा आहे’ म्हणून सुटून जात असे.

कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या रुग्णांसाठी ‘न्यूज-2’मध्ये वेगळे प्रमाण ठेवले आहे: एसपीओटूचे लक्ष्य 88 ते 92. ते कोणाला लावायचे हे डॉक्टरने ठरवून लिहायचे असते, केसपेपरवर ‘सीओपीडी’ (श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) दिसले म्हणून ते सरसकट लावू नये. या प्रमाणावरच्या रुग्णाला ऑक्सिजन चालू असताना एसपीओटू 97 किंवा जास्त आले तर त्याचेही 3 गुण होतात. तिथे डॉक्टरांना कळवून ऑक्सिजन लक्ष्यापर्यंत उतरवायचा असतो, एकदम बंद करायचा नसतो.