सेकीगाहारा (पटावरील युद्धखेळ)

सेकीगाहारा हा सरंजामी जपानमधील 1600 सालच्या सत्तासंघर्षावर आधारलेला, दोन खेळाडूंसाठीचा पटावरील युद्धखेळ आहे. मॅथ्यू कॅल्किन्स यांनी रचलेला हा खेळ जीएमटी गेम्स या अमेरिकी प्रकाशन संस्थेने 2011 मध्ये प्रसिद्ध केला. एक खेळाडू तोकुगावा इएयासूची, तर दुसरा इशिदा मित्सुनारीची बाजू घेतो. खेळात फासे मुळीच नाहीत. सैन्य लाकडी ठोकळ्यांचे असते आणि ते हलवण्याची व लढवण्याची बहुतांश ताकद हातातल्या पत्त्यांत असते.

जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी 1598 मध्ये मरण पावला, तेव्हा त्याचा वारस हिदेयोरी अगदी लहान होता. त्याच्या वतीने राज्य सांभाळणाऱ्या सरदारांमध्ये फूट पडली आणि इएयासू व मित्सुनारी हे दोन परस्परविरोधी पक्षांचे म्होरके झाले. 1600 च्या उन्हाळ्यात इएयासू पूर्वेकडील आइझूच्या उएसुगी कागेकात्सूवर चालून निघाला असताना मित्सुनारीने पश्चिमेत उठाव केला. 21 ऑक्टोबर रोजी आजच्या गिफू प्रांतातील सेकीगाहारा येथे निर्णायक लढाई झाली. कागदावर मित्सुनारीचे पारडे हलके नव्हते, परंतु त्याच्याच पक्षातला कोबायाकावा हिदेआकी ऐन लढाईत उलटला आणि किक्कावा हिरोइएने त्याच पक्षातल्या मोरी घराण्याची फौज जागची हलू दिली नाही. फितुरीने ठरलेला हा विजय इएयासूला 1603 मध्ये शोगुनपदापर्यंत, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या पदापर्यंत, घेऊन गेला.

इतिहासाचे हे मर्म खेळाच्या यंत्रणेत उतरवणे हीच कॅल्किन्स यांची खरी कामगिरी आहे. प्रत्येक ठोकळा म्हणजे एक तुकडी; त्यावर एखाद्या घराण्याचे कुलचिन्ह असते. इशिदाच्या पक्षात उकिता, मोरी, उएसुगी, कोबायाकावा ही घराणी, तर तोकुगावाच्या पक्षात दाते, माएदा, फुकुशिमा ही घराणी येतात. एखाद्या ठिकाणी दहा तुकड्या जमवल्या तरी त्या लढतीलच असे नाही, कारण तुकडी रणात उतरवायची तर त्याच कुलचिन्हाचा पत्ता टाकावा लागतो. पत्ता नसेल तर तुकडी नुसती उभी राहते, जशी मोरींची फौज सेकीगाहाराजवळच्या डोंगरावर उभी राहिली. पत्ते म्हणजे त्या त्या घराण्याची त्या घटकेची निष्ठा होय.

लढाईत ज्याचा एकूण प्रभाव, म्हणजे उतरवलेल्या तुकड्यांच्या ताकदीची बेरीज, कमी असेल त्याने पुढची तुकडी उतरवायची असते. एकाच घराण्याच्या तुकड्या पाठोपाठ उतरल्या की प्रत्येकीचा प्रभाव वाढतो. घोडदळ आणि बंदूकधारी तुकड्यांसाठी विशेष हल्ल्याचे पत्ते आहेत. प्रतिपक्षाच्या दर सात प्रभावांमागे एक ठोकळा गमवावा लागतो आणि पराभूत बाजूचा आणखी एक जातो. सर्वांत धारदार नियम निष्ठेला आव्हान देणाऱ्या पत्त्याचा आहे. प्रतिस्पर्ध्याने तुकडी उतरवताच आपण हा पत्ता टाकला, तर प्रतिस्पर्ध्याला त्याच घराण्याचा आणखी एक पत्ता हातात असल्याचे दाखवावे लागते; तो नसेल तर ती तुकडी त्या लढाईपुरती शत्रूच्या बाजूने लढते. कोबायाकावाची फितुरी अशा रीतीने कुठेही आधीपासून लिहून न ठेवता, कोणत्याही घराण्याकडून आणि कोणत्याही क्षणी घडू शकते, म्हणून हातातला शेवटचा जुळणारा पत्ता टाकताना अनुभवी खेळाडूही थबकतो.

खेळ सात आठवड्यांचा असतो. प्रत्येक आठवड्याच्या आरंभी हातातले निम्मे पत्ते टाकून नवे घेतले जातात. आधी कोणी खेळायचे हे ठरवणाऱ्या बोलीसाठी एक पत्ता खर्च होतो. एकच सैन्यगट हलवायला पत्ता लागत नाही, तीन गटांना एक आणि सर्व सैन्याला दोन पत्ते लागतात. वेगाने कूच करणारा सेनापती त्यामुळे युद्धासाठीची निष्ठाच खर्च करत असतो, ही ओढाताण खेळाला अखेरपर्यंत ताण देते.

ठोकळ्यांची चिन्हे फक्त मालकाला दिसतात. ही ठोकळापद्धत 1972 च्या क्युबेक 1759 या खेळापासून चालत आली आहे. मात्र तेथे ठोकळा फिरवून त्याची घटती ताकद दाखवतात, तसे इथे करावे लागत नाही. नकाशावर होन्शू बेटावरील किल्ले आणि तोकाइदो व नाकासेंदो हे राजमार्ग आहेत. राजमार्गावर सैन्य लवकर पोचते, मोठे सैन्य मात्र मंदावते. प्रत्यक्ष मोहिमेतही इएयासूचा मुलगा हिदेतादा नाकासेंदोमार्गे येताना विरोधी पक्षातल्या सानादा घराण्याच्या उएदा किल्ल्यापाशी अडकला आणि लढाईला वेळेवर पोचू शकला नाही.

इएयासू मारला गेला तर इशिदाचा विजय तत्काळ होतो. मित्सुनारी मेला किंवा ओसाकातील हिदेयोरी हाती लागला तर तोकुगावाचा. यांपैकी काही न घडल्यास किल्ल्याला दोन आणि साधनसंपत्तीच्या ठिकाणाला एक असे गुण मोजतात. नेता सोबत असलेले सैन्य अधिक दूर जाते. म्हणून इएयासूला मागे सुरक्षित ठेवावे तर फौज रेंगाळते आणि आघाडीवर न्यावे तर एका लढाईत सर्वस्व पणाला लागते.