माळ्यावरची भांडी आणि हरभऱ्याची मर

"हरभराले मर लागनी," नाना म्हणाले आणि सुकायला लागलेलं एक झाड उपटून त्यांनी माझ्या हातात दिलं. अमळनेरकडचं काळं वावर, घाटे भरायचे दिवस. शेजारचं झाड हिरवंगार, यानं मात्र शेंड्याकडून मान टाकलेली. मूळ वरून पाहिलं तर धडधाकट. नानांनी विळ्याच्या टोकानं खोड उभं चिरलं, तेव्हा आत तपकिरी-काळी रेघ दिसली. मुळातून पाणी वर चढतं त्या नळ्याच तुंबल्या होत्या.

हे काम फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचं. पण या नावाच्या सगळ्याच बुरशा खुनशी नसतात. कितीतरी वाण मातीत पालापाचोळा खाऊन जगतात, काही तर मुळांच्या आत राहूनही झाडाला ढिम्म त्रास देत नाहीत. ज्या मारतात त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं: हरभऱ्याची हरभऱ्याला, टोमॅटोची टोमॅटोला, आणि रावेर-यावलच्या बागायतदारांना जिची धास्ती आहे ती पनामा मर केळीला. काचेच्या बशीत बटाट्याच्या अर्कावर वाढवा, सगळ्यांचा कापसासारखा पांढरा थर जवळजवळ सारखाच दिसतो. बशीत कोण किती जोमानं वाढतं, यावरून शेतात कोण मारणार ते कळत नाही.

मग फरक कुठे? काही अंशी सामानात. टोमॅटोच्या बुरशीत १५ गुणसूत्रं आहेत आणि रोगाला लागणारी बरीचशी जनुकं एकाच, चौदाव्या गुणसूत्रावर आहेत. ते गुणसूत्र एका निरुपद्रवी वाणात गेलं की तोही टोमॅटोला रोग लावतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. (या बुरशीचा सर्वांत बारीक अभ्यास टोमॅटोवर झाला आहे. हरभऱ्यावरच्या बुरशीकडचा संच वेगळा, म्हणून पुढचं सगळं टोमॅटोचं समजावं.)

पण सामान असणं वेगळं आणि ते वापरात असणं वेगळं. आपल्याकडे भरीत-पार्टीची मोठी पातेली वर्षभर माळ्यावर असतात. रोजचा चहा त्यात कोणी करत नाही. पेशीतही रोजच्या वाढीची जनुकं हाताशी असतात आणि रोगाची बरीच जनुकं माळ्यावर घट्ट बांधून ठेवलेली. हे बांधणं शब्दशः असतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्या प्रथिनांवर ठरावीक जागी मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चढल्या की तो भाग दबतो, तिथली जनुकं वाचली जात नाहीत. गव्हावरच्या फ्युजेरियममध्ये २०१३ च्या सुमारास अशी एक खूण लावणारं जनुकच काढून टाकलं गेलं. हजारो जनुकं एकदम जागी झाली. बुरशी जास्त घातक झाली असेल असं वाटेल, पण तिची वाढच बिघडली. सगळी पातेली एकाच वेळी ओट्यावर आली तर स्वयंपाक कुठे करणार?

योग्य वेळी माळा उघडायलाही कोणीतरी लागतं. टोमॅटोच्या बुरशीत त्यातलं एक नाव 'एसजीई-१'. हे प्रथिन इतर जनुकांना चालू करणारं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ते निकामी केलं. बुरशी बशीत नीट वाढली (बीजाणू मात्र कमी धरले), मुळावर पसरली, आतही शिरली, पण रोग लावू शकली नाही. एरवी झाडाच्या पाणवाहिन्यांत ती जी खास छोटी प्रथिनं सोडते, त्यांची जनुकं चालूच झाली नाहीत. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण वाढ आणि रोग यांच्यातली शिवण त्यात नेमकी उसवून दिसते.

ही प्रथिनं आधीपासून सोडत राहणं बुरशीला परवडतही नाही. टोमॅटोच्या काही वाणांकडे त्यातलं एखादं प्रथिन ओळखणारी जनुकं असतात. ओळख पटली की झाड सावध होतं आणि बुरशीला तिथंच अडवतं.

बुरशीला वेळ कळते ती आजूबाजूच्या चवीवरून: नत्र, आम्लता, मुळांतून पाझरणारी द्रव्यं. प्रयोगशाळेत अमोनियमसारखा सहज पचणारा नत्र भरपूर दिला की टोमॅटोच्या बुरशीची आक्रमक वागणूक दबते. हे वाचून कोणी युरियाची गोणी उचलू नये. शेतात अमोनियमच्या खतानं ही मर बहुधा वाढलेलीच दिसते, कारण मुळाजवळची माती आंबट होते. एकच खत दोन वाटांनी उलट सांगावा देतं, आणि बशीत त्यातली एकच वाट दिसते.

नानांना यातलं निम्मंच सांगितलं. त्यांचा प्रश्न सरळ होता, झाडं उपटून जाळली तर ही बुरशी मरेल का? वावरातली नाही मरत. जाड भिंतीचे बीजाणू करून ती हरभऱ्याशिवायही पाच-सहा वर्षं मातीत काढते. पुढच्या खेपेला बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून 'विजय' किंवा 'दिग्विजय'सारखा मर सोसणारा वाण पेरा, म्हटलं. नानांनी चिरलेलं खोड बांधावर टाकलं नाही, पिशवीत घातलं. "त्या पट्ट्यात आता दादरच," म्हणाले. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. म्हणजे येत्या रब्बीत दादरच्या मुळांशेजारी ती असेलच, माळा बंद करून.