गर्भनिरोधक गोळ्या आणि योनिस्राव

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना योनिस्रावाचे प्रमाण, रंग, दाटपणा किंवा वास यांत होणारा बदल. बोलण्यात याला ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणतात.

मुंबईत संततिनियमनाचे काम गोळीहून जुने आहे. र. धों. कर्वे यांनी येथे १९२१ च्या सुमारास केंद्र उघडले. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६० मध्ये. सरकारी ‘माला-एन’च्या पाकिटात २१ संप्रेरकयुक्त व ७ लोहाच्या गोळ्या असतात.

गोळीतील प्रोजेस्टिन या संप्रेरकामुळे गर्भाशयमुखातील श्लेष्मा (चिकट स्राव) घट्ट होतो आणि पाळीच्या मध्यावर येणारा पातळ, तार सुटणारा स्राव बहुधा थांबतो. इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकामुळे मात्र गर्भाशयमुखाच्या आतले नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूस पसरू शकते. या अस्तरातून श्लेष्मा अधिक पाझरतो, कधी संबंधानंतर रक्ताचा डागही पडतो. पूर्वी याला व्रण समजून ते जाळण्याचा प्रघात होता. ती जखम नव्हे, आणि त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत. ‘पिशवीला जखम आहे’ एवढेच ऐकून घाबरलेल्या स्त्रियांना हे स्पष्ट सांगायला हवे.

गोळीमुळे बुरशीचा (कँडिडा) संसर्ग वाढतो की नाही, याबद्दल मतभेद आहेत. वाढतो असे सांगणारी जुनी निरीक्षणे बरीचशी अधिक मात्रेच्या गोळ्यांवरील आहेत. पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन (मेस्ट्रॅनॉल) १५० मायक्रोग्रॅम होते. ‘माला-एन’मध्ये इस्ट्रोजेन (एथिनिल इस्ट्राडायॉल) ३० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे जुना निष्कर्ष आजच्या गोळीला जसाच्या तसा लावू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रतिजैविके आणि अनियंत्रित मधुमेह ही कारणे आधी तपासावीत. दह्याच्या चोथ्यासारखा स्राव व खाज हे बुरशीचे लक्षण. करडा, माशासारख्या वासाचा स्राव जिवाणूंच्या असंतुलनाचा; त्यात योनीची आम्लता घटून सामू (pH) ४.५ च्या वर जातो. हा विकार गोळी घेणाऱ्यांत उलट काहीसा कमी आढळतो.

पहिल्या तीन महिन्यांत किंवा गोळी चुकल्यास तपकिरी डाग दिसू शकतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळेही ते दिसतात, आणि त्याच वेळी गोळीचा प्रभावही घटतो. क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या मुंबईत हे औषध चालू आहे का, हे डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे.

‘छाया’ (ऑर्मेलॉक्सिफीन) या गोळीत इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टिन नसल्याने वरील विवेचन तिला लागू नाही.

दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे, ताप किंवा संबंधानंतर वारंवार रक्त जाणे अशा वेळी मेडिकलमधून परस्पर औषध न घेता महापालिकेच्या दवाखान्यात वा रुग्णालयात तपासून घ्यावे. लैंगिक संसर्ग व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची शंका तपासणीनेच फिटते. गोळी त्यांपासून संरक्षण देत नाही. गोळी मनानेच बंद केल्यास गर्भ राहू शकतो, आणि संसर्ग असेल तर स्रावही थांबत नाही.