डोळ्यातली चिप आणि उजेडाचे ठिपके

डोळे मिटा आणि कानाकडच्या कोपऱ्यात पापणीवरून बोटाने अगदी हलकं दाबून बघा (डोळ्याचं ऑपरेशन झालंय किंवा काचबिंदू आहे त्यांनी प्लीज करू नका). नाकाच्या बाजूला एक फिकट गोल चमक दिसेल. डोळा मिटलेला, बाहेरचा उजेड आत येत नाहीये, तरी चमक दिसली, कारण दाबामुळे डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यावरच्या पेशी चाळवल्या आणि डोळ्याकडून आलेला कुठलाही सिग्नल मेंदू उजेडच समजतो, तो कशामुळे आला हे कळायची त्याच्याकडे सोयच नाही. दाबलं एकीकडे आणि दिसलं दुसरीकडे, ते पण याच्यामुळेच. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून पडद्याची कानाकडची बाजू कायम नाकाकडचं जग बघत असते आणि मेंदूने तो हिशोब पक्का धरलेला असतो.

या चमकेला फॉस्फीन म्हणतात आणि अंध माणसाला दिसावं म्हणून जेवढ्या चिपा आजवर बनल्या त्या सगळ्या शेवटी हे फॉस्फीनच तयार करतात, फक्त बोटाऐवजी विजेने.

1968 साली इंग्लंडमधल्या जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल लेविन यांनी एक रिसर्च पेपर छापला. 52 वर्षांच्या एका अंध बाईंच्या मेंदूच्या मागच्या भागावर, जिथे दृष्टीचं केंद्र असतं तिथे, त्यांनी 80 इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारी बारीक टोकं, बसवली होती आणि बाहेरून रेडिओ सिग्नल दिला की बाईंना पांढरा बारीक ठिपका दिसायचा, काही इलेक्ट्रोडला दोन-चार ठिपके, काहींना छोटा ढग. करंट बंद केला की बहुतेक वेळा ठिपका लगेच गायब, पण जोरात दिला असेल तर कधीकधी दोन मिनिटांपर्यंत तसाच राहायचा. बाईंनी डोळे फिरवले की ठिपकेही सोबत फिरायचे. डोळे निकामी झालेल्या माणसाचा मेंदू अजून बघायला तयार आहे हे त्या पेपरने दाखवून दिलं, आणि मला ते आजही वाचलं की भरून येतं.

बऱ्याच जणांना वाटतं की चांगला कॅमेरा लावला की काम झालं, फोनमधे तर केवढे भारी कॅमेरे असतात. पण कॅमेरा ही अडचण कधीच नव्हती. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, उजेड टिपणाऱ्या साधारण 10 कोटी पेशी असतात आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम 10 लाखांच्या आसपास, म्हणजे मधल्या थरांमधे चित्राची केवढी तरी छाननी आधीच झालेली असते, कडा कुठे आहेत, काय हललं, कुठे काळं-पांढरं बदललं. चिपला या साखळीत कुठेतरी मधे घुसायचंय, आणि कुठे घुसता येईल हे काय जिवंत उरलंय त्याच्यावर ठरतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात पण त्यांच्या पुढचे थर बऱ्यापैकी टिकून असतात, तिथे डोळ्यातली चिप चालू शकते. काचबिंदूने नसच गेली असेल तर डोळ्यात काहीही बसवून उपयोग नाही, मग थेट मेंदू गाठायचा.

रेटिनायटिस पिगमेंटोसासाठी आर्गस 2 नावाचं उपकरण आलं, सेकंड साइट या कंपनीचं, युरोपात 2011 मधे आणि अमेरिकेत 2013 मधे परवानगी मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा कॉम्प्युटर आणि पडद्यावर 60 इलेक्ट्रोड. 60! म्हणजे 6 ओळी आणि 10 रकाने. त्यात पण प्रत्येक इलेक्ट्रोडने सुबक गोल ठिपका दिसतो असं नाही, कारण तो पडद्याच्या आतल्या बाजूला बसतो, तिथून लांबच्या पेशींचे तंतू नसेकडे चाललेले असतात, करंट त्यांनाही लागतो आणि मग ठिपक्याऐवजी लांबट रेघ किंवा फराटा दिसतो. शिवाय कॅमेरा चष्म्यावर, त्यामुळे नुसती नजर वळवून काही होत नाही, मान वळवावी लागते. आणि चित्र स्थिर धरलं तर काही सेकंदात विरून जातं, म्हणून वापरणारे लोक सतत डोकं इकडून तिकडे फिरवत राहतात, उजेड आला, गेला, परत आला, म्हणजे इथे दाराची चौकट असणार. हे बघणं शिकायला महिनोन्महिने सराव लागतो. तरी दार कुठे, खिडकी कुठे, समोरून कोणी आलं का, एवढं कळणंसुद्धा अनेकांना लाखमोलाचं वाटलं.

त्या उपकरणाची किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास, साडेतीनशेच्या आसपास लोकांनी बसवून घेतलं, आणि कंपनीने 2019 मधे ते बनवणं थांबवलं. 2020 मधे कंपनी जवळजवळ बुडाली, बहुतेक स्टाफ गेला, आणि ज्यांच्या डोळ्यात ते यंत्र होतं त्यांना दुरुस्ती, सुटे भाग, सॉफ्टवेअर कशासाठीच कोणी उरलं नाही. फोन बंद पडला तर दुसरा घेता येतो, डोळ्यात शिवलेल्या यंत्राचं काय करणार? अशा चाचण्यांना परवानगी देतानाच पुढच्या 20 वर्षांच्या देखभालीची सोय कंपनीकडून लिहून घ्यायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

आता सगळ्यात आशा वाटावी असं प्रिमा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॅनिएल पालंकर यांची ही कल्पना. 2 मिलिमीटर बाय 2 मिलिमीटर चिप, जाडीला केसापेक्षा पातळ, त्यावर 378 पिक्सेल, आणि वायर नाहीच! चष्म्यातला कॅमेरा चित्र घेतो आणि ते इन्फ्रारेड उजेडाने डोळ्यात टाकतो, प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक छोटा सोलर सेल, त्या उजेडातूनच वीज बनवतो आणि शेजारच्या जिवंत पेशीला देतो. चिप बसते पडद्याच्या खाली, मेलेल्या पेशींच्या नेमक्या जागी, त्यामुळे मधल्या थरांना त्यांचं नेहमीचं काम करता येतं. आणि इन्फ्रारेड का, तर ही चिप वय झाल्यावर पडद्याचा मधला भाग झिजून गेलेल्या लोकांसाठी आहे, त्यांना कडेचं अजून दिसतं, आणि त्या निरोगी पेशींना इन्फ्रारेड जाणवत नाही. म्हणजे कडेने स्वतःची दृष्टी आणि मधोमध चिपची, दोन्ही एकदम.

2025 च्या ऑक्टोबरमधे प्रिमाच्या चाचणीचे निकाल आले. 38 जणांना चिप बसवली, वर्षभरानंतर 32 जणांची तपासणी झाली, त्यातल्या 26 जणांना तक्त्यावरची अक्षरं स्पष्ट फरक पडण्याइतकी जास्त वाचता आली. दिसतं ते काळं-पांढरं, झूम करून एकेक अक्षर जुळवत वाचायचं. ऑपरेशनचे त्रासही झाले, डोळ्यातलं प्रेशर वाढणं, पडद्याखाली रक्तस्राव असे, बरेचसे पुढे बरे झाले. पण ज्यांना नजरेच्या मधोमध नुसती रिकामी जागा होती ते शब्द वाचतायत!

नस गेलेल्यांसाठी परत मेंदूच. स्पेनमधे एल्चे इथल्या विद्यापीठात एदुआर्दो फर्नांदेझ यांच्या टीमने 16 वर्षं अंध असलेल्या एका माजी शिक्षिकेच्या मेंदूत 96 बारीक सुयांची चिप बसवली, 2021 मधे ते छापून आलं. ब्रिंडलींचे इलेक्ट्रोड मेंदूच्या वर टेकलेले होते आणि दोन ठिपके वेगळे कळायला त्यांच्यात 2.4 मिलिमीटर अंतर लागायचं, या सुया दीड मिलिमीटर आत जातात, एकमेकींपासून 0.4 मिलिमीटरवर, आणि करंट कितीतरी कमी लागतो. बाईंना वस्तूंच्या कडा आणि काही अक्षरं ओळखता आली. 6 महिन्यांनी ठरल्याप्रमाणे चिप काढली.

त्यांना आधी कित्येक वर्षं दिसत होतं हे महत्त्वाचं. जन्मापासून ज्यांना दिसलंच नाही त्यांच्यात मेंदूचा तो भाग रिकामा पडून राहत नाही, स्पर्श आणि आवाज तिथे मुक्कामाला येतात. ब्रेल वाचणाऱ्या अशा काही लोकांच्या डोक्याला मागून, नेमकं त्या भागावर, चुंबकाचा झटका देऊन बघितला, तर त्यांना चमक नाही दिसली, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं वाटलं.