आधी पाणी, मग जाळ: जुनी वाफेची इंजिनं चालती कशी ठेवतात

आजोळी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि सुट्टीत सकाळी तो पेटवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. नियम एकच, आधी पाणी भर, मग जाळ कर. एकदा मामेभावाने रिकाम्याच बंबात जाळ केला, मग आठवण झाल्यावर वरून बादली ओतली, तर तळाच्या जोडातून पाण्याची धार लागली. आजीने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, बंब मात्र तांबटाकडे नेऊन झाळून आणावा लागला.

वाफेचं रेल्वे इंजिन समजून घ्यायला हा बंब पुरतो, खरंच. बंबात मधोमध एक नळी, तिच्यात निखारे, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे हाच बंब आडवा केलेला, तोंड बंद केलेला, मागच्या बाजूला भट्टी आणि भट्टीतून पुढे धुराड्याकडे जाणाऱ्या एकाऐवजी कितीतरी नळ्या, मोठ्या इंजिनात तर शंभराच्या वर. फरक एवढाच की बंबाला दाब नसतो आणि याला असतो, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते.

नेरळला आपलं माथेरानचं जुनं इंजिन ठेवलंय ते बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. 1907 साली सुरू झालेल्या या दोन फुटी रुळांच्या लाइनवर जर्मन बनावटीची चार इंजिनं होती, 1982 पर्यंत वाफ चालली, मग डिझेल आलं आणि ही इंजिनं शोभेला गेली, त्यातलं एक तर थेट इंग्लंडला पोचलं. शोभेचं इंजिन सांभाळणं त्यामानाने सोपं असतं हो, गंज खरवडायचा, रंग मारायचा, पावसाचं पाणी आत साचू द्यायचं नाही. पण तेच इंजिन पेटवून माणसं बसवलेले डबे ओढायला लावायचे म्हटलं की काम पूर्ण वेगळं होतं.

हे काम हौशी लोकांनी पहिल्यांदा मनावर घेतलं ते वेल्समध्ये. तिथे टाउइन गावातून डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणारी टॅलिलिन रेल्वे होती, रुळातलं अंतर सव्वादोन फूट, म्हणजे कुणाशीच न जुळणारं. खाण बंद पडली, मालक सर हेडन जोन्स 1950 मध्ये वारले, आणि आता ही लाइन भंगारात जाणार असं दिसल्यावर काही लोकांनी संस्था काढून ती चालवायला घेतली. 14 मे 1951 ला पहिली गाडी सुटली. जगात हौशी स्वयंसेवकांनी रेल्वे वाचवून चालवल्याचं हे पहिलंच उदाहरण. त्यांच्याकडे इंजिनं दोन, 1864 चं टॅलिलिन आणि 1866 चं दोल्गोख. त्यातलं पहिलं मोडून पडलेलं, दुसरं कसंबसं चालणारं, सगळा भार त्या 85 वर्षांच्या म्हातारीवर.

नशीब बघा, शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचं माप पण नेमकं सव्वादोन फूटच. तिथली दोन इंजिनं ब्रिटिश रेल्वेकडून प्रत्येकी 25 पौंडाला मिळाली. पण आणून रुळावर ठेवल्यावर कळलं की त्यातल्या 3 नंबरच्या इंजिनाच्या चाकांची धाव, म्हणजे चाकावरचा पोलादी पट्टा, अरुंद आहे आणि टॅलिलिनचे रूळ झिजून, सरकून एकमेकांपासून लांब गेलेत, त्यामुळे इंजिन चालता चालता दोन रुळांच्या मधेच खाली बसायचं. म्हणजे इंजिन ठीक करून भागत नाही, त्याच्याखालचा रस्ता पण ठीक करावा लागतो, आणि सुरुवातीची कितीतरी मेहनत गवतात बुडालेले रूळ शोधून बदलण्यातच गेली.

आता बॉयलर. समजा आत 7 बार दाब आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 7 किलो, तर पाणी 100 ला उकळत नाही, साधारण 170 अंशांपर्यंत पाणीच राहतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व, फक्त कुकर एक बारच्या आसपास थांबतो. बॉयलर कुठे फाटला तर दाब एका क्षणात जातो आणि 170 अंशांचं पाणी 100 अंशांवर यायला बघतं, मग ती जास्तीची उष्णता जाणार कुठे, तिने पाण्याचा साधारण 13 टक्के भाग तिथल्या तिथे वाफ होतो. टनभर पाण्याचे 130 किलो, आणि एवढ्या वाफेला जागा लागते 200 घनमीटरच्या वर. एक घनमीटरच्या टाकीतून डोळ्याची पापणी लवते न लवते तोच अख्खा टू बीएचके फ्लॅट भरेल इतकी वाफ. म्हणून धोका नुसत्या वाफेत नसतो, त्या तापलेल्या पाण्यात असतो.

म्हणूनच दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी गार पाण्याने घेतात. बॉयलर काठोकाठ भरायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि पंपाने नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे कुठे चीर गेली तर नुसती पिचकारी उडते आणि दाब उतरतो, कुणाला इजा होत नाही. त्यानंतरच भट्टी पेटवून वाफेची चाचणी.

भट्टीची पेटी ब्रिटिश इंजिनांत बहुतेक तांब्याची आणि तिच्या बाहेरचं कवच पोलादाचं, मधल्या जागेत पाणी. दोन्ही पत्रे फुगून वेगळे होऊ नयेत म्हणून त्यांना बोटाएवढ्या जाड दांड्यांनी एकमेकांना बांधलेलं असतं, त्यांना स्टे म्हणतात, साधारण दर 10 सेंटिमीटरवर एक. हिशोब करा, 10 बाय 10 चा चौकोन, चौरस सेंटिमीटरला 7 किलो, म्हणजे एकेका दांडीवर 700 किलोची ओढ. शिवाय तांबं पोलादापेक्षा जास्त फुगतं. दोन मीटर लांबीचा पत्रा दीडशे अंशांनी तापला तर तांबं 5 मिलिमीटर वाढतं आणि पोलाद साडेतीन. हा दीड मिलिमीटरचा फरक या दांड्यांनी वाकून सोसायचा, रोज पेटवताना एकदा आणि विझवताना एकदा. तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, तसंच हे, फक्त त्याला वर्षं लागतात.

मग दांडी आतून तुटली हे कळणार कसं? जुन्या लोकांची आयडिया मला फार आवडते. काही इंजिनांत दांडीला टोकापासून मधोमध एक बारीक भोक पाडून ठेवतात. चीर वाढत वाढत त्या भोकापर्यंत आली की त्यातून वाफेची फुसफुस सुरू होते, म्हणजे दांडी स्वतःच ओरडून सांगते की मी गेले. आता अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजतात, चुंबकीय पावडरीने पोलादातली चीर शोधतात, पण हातोडीने टकटक करून आवाज ऐकणारे फिटर अजून आहेत. माठ विकत घेताना आपण बोटाने वाजवून बघतो तेच.

आणि आजीचा नियम इथे पण आहेच. भट्टीच्या छतावर कायम पाणी पाहिजे. पाणी खाली गेलं तर छताचा पत्रा जाळाने लाल होतो, मऊ पडतो आणि दाबाखाली खचतो, आणि मग ते 200 घनमीटर. त्यासाठी छतात एक पितळी बूच बसवतात ज्याच्या मधे शिसं भरलेलं असतं. पाण्याखाली असेपर्यंत शिसं शाबूत, पाणी उतरलं की 327 अंशांना वितळतं आणि वाफ थेट जाळावर सुटून भट्टी सांभाळणाऱ्या फायरमनला सावध करते. मामेभावाच्या बंबात झाळ नकळत वितळली, इथे मुद्दाम वितळायला ठेवलीये.

याशिवाय पाण्यातला क्षार, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. तो उष्णता पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पत्रा जास्त तापतो. म्हणून पाण्यात औषध घालायचं आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर गार करून, बुचं काढून, आतून पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा. कंटाळवाणं काम आहे पण टाळलं तर भोवतं. एवढं करूनही ब्रिटनमध्ये साधारण 10 वर्षांनी इंजिन थांबवून, नळ्या उपसून बॉयलर आतून बाहेरून तपासावाच लागतो. आणि जुन्या इंजिनाचं आवरण उघडताना आधी बघावं लागतं की आत उष्णता अडवायला ॲस्बेस्टॉस भरलंय का, असलं तर ते काढायला वेगळी तज्ज्ञ माणसं.

चाकांचं काम मात्र बघण्यासारखं असतं. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. रेल्वेच्या चाकाची पोलादी धाव पण वेगळी असते, झिजली की तेवढीच बदलतात. एक मीटर व्यासाच्या चाकासाठी धाव साधारण एक मिलिमीटर लहान कातायची, मग तिच्याभोवती गॅसचे बर्नर लावून 200 अंशांनी तापवायची की ती अडीच मिलिमीटरच्या आसपास मोठी होते, त्या मोकळ्या वेळात चाक आत सोडायचं आणि गार होऊ द्यायचं. मुख्य पकड त्या एका मिलिमीटरची. लोहार शेणीचा आर पेटवून करतो ते हेच, त्याला फक्त लाकडी चाक जळू नये म्हणून वरून लगेच पाणी ओतावं लागतं.

आता असं सगळं बदलत गेल्यावर जुनं काय उरलं? दोल्गोख 1954 मध्ये थांबवलं ते नवा बॉयलर घेऊन 1963 मध्येच परत आलं, टॅलिलिन तर 1957-58 मध्ये जवळजवळ नव्याने बांधलं. 1923 च्या प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाची दुरुस्ती 2006 ते 2016 अशी दहा वर्षं चालली, 42 लाख पौंड गेले, बॉयलर तर त्याने आयुष्यात कितीतरी पाहिले. काही लोक म्हणतात मग हे खरं इंजिनच नाही. मला ते पटत नाही. ही इंजिनं धंद्यात होती तेव्हाही वर्कशॉपमध्ये त्यांचे बॉयलर एकमेकांना लावले जायचे, कुणी त्यावर चर्चा करत नव्हतं. आजीची गोधडी बघा, वरचं लुगडं तीनदा बदललं तरी ती गोधडी आजीचीच. काढलेला प्रत्येक तुकडा कुठे होता, किती झिजला होता हे लिहून ठेवलं म्हणजे झालं, आणि हेच लिहायचा मात्र बऱ्याचदा कंटाळा केला जातो.

पेटवणं पण घाईचं नसतं. गार इंजिन एकदम तापवलं तर तो दीड मिलिमीटर सगळीकडे एकसारखा येत नाही, कुठे लवकर कुठे उशिरा, आणि जोड गळायला लागतात. म्हणून बरेच जण आदल्या दिवशीच लहानसा जाळ करून ठेवतात आणि सकाळी खरी भट्टी. संध्याकाळी उलट, जाळ ओढून काढायचा किंवा राखेखाली दाबायचा, पाणी वरपर्यंत भरून ठेवायचं, आणि शेवटी एक जण वर चढून धुराड्यावर पत्र्याचं झाकण ठेवतो, रात्रीची गार हवा नळ्यांतून वाहू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तरी बॉयलर अजून कोमट असतो.