गरोदरपणातले वांग आणि खाज

गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येतात, स्तनाग्रं काळपट होतात, पोटावर बेंबीखाली उभी काळी रेघ उमटते. संप्रेरकांची पातळी वाढली की त्वचेतल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात, एवढंच त्यामागचं कारण. त्या रेघेवरून मुलगा की मुलगी ओळखणाऱ्या आजीबाईंकडे दुर्लक्ष करावं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती आपोआप फिकी पडते. वांग मात्र काही जणींचे रेंगाळतात.

वांगांना खतपाणी घालतं ते ऊन. अतिनील किरणांप्रमाणे दृश्य प्रकाशही त्वचा काळवंडवतो, म्हणून झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन घ्यावं. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर काढलेल्या दोन रेघा, इतकं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीनलाच दोष देतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्यातल्या रसायनांमुळे उन्हात नवे काळे डाग पडतात.

खरा धोका आहे तो मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. अशा अनेक ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असतं. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात रक्तात जातं, ट्रेटिनॉइन गरोदरपणात टाळायचंच असतं आणि स्टेरॉइडने चेहऱ्याची कातडी पातळ व लाल होते. उपचार हवाच असेल तर डॉक्टरांना ॲझेलिक ॲसिडबद्दल विचारा. ते गरोदरपणात चालतं.

स्ट्रेच मार्क्स येणं बरंचसं आनुवंशिक. कातडीच्या आतल्या थरातले तंतू ताणले जाऊन तुटतात, तेल तिथवर पोहोचत नाही. तरी खोबरेल तेल लावायला हरकत नाही, कोरडेपणाची खाज त्याने थांबते.

खाज मात्र नीट पाहावी. पोट ताणल्याने पोटावर खाज येते, ती साधी. तळहात-तळपाय रात्री खाजतात, अंगावर पुरळ काहीच नाही, असतील तर फक्त खाजवल्याचे ओरखडे, असं विशेषतः सातव्या महिन्यानंतर झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात. पहिला अहवाल ठीक आला आणि खाज थांबली नाही, तर चाचणी पुन्हा करायची, कारण कधीकधी खाज आधी येते आणि रक्तात बदल नंतर दिसतो. पित्ताम्लं लिटरला १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून प्रसूती साधारण ३५-३६ आठवड्यांतच करण्याचा विचार होतो.

स्ट्रेच मार्क्समध्ये सुरू होणारं, बेंबी सोडून पसरणारं लाल पुरळ त्रासदायक असतं, पण बाळाला त्यापासून धोका नसतो. उलट बेंबीभोवतीच सुरुवात होऊन पाण्याचे फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.